वडिलांच्या आवडीचा पदार्थ



भाद्रपदाचा कृष्णपक्ष म्हणजे पितृपक्ष.
वडील ज्या तिथीला गेले,
त्या तिथीला या पंधरवड्यात त्यांचं श्राद्ध करतात.
तिथी ठाऊक नसेल,
तर सर्वपित्री अमावास्या आहेच.

त्या दिवशीचं पान आठवा.
तांदळाची खीर. वडे.
गवार-भोपळ्याची भाजी. आमसुलाची चटणी.
आणि वडिलांच्या आवडीचा एक पदार्थ.

मला हा शेवटचा पदार्थ फार मोलाचा वाटतो.
माझ्या वडिलांना घारगे आवडायचे.
ते तळले जात असले,
की बाबा दोनदा तरी स्वयंपाकघरात डोकावायचे.
आई दरवर्षी घारगे तळताना हे सांगते.
ज्या नातवंडांनी आजोबांना पाहिलंच नाही,
तीही आता ते सांगतात.

मग कावळ्यासाठी घास ठेवतो.
आपण वाट बघत उभे राहतो.
कुणी मोठ्यानं बोलत नाही.
तेवढ्या वेळात मुलांना आजोबांची गोष्ट सांगा.
त्यांचं अक्षर कसं होतं?
पहिल्या पगारातून त्यांनी काय आणलं?
कुणाच्या अडचणीला ते धावून गेले?

पुन्हा सांगते, श्रोतेहो.
आवडीचा पदार्थ करा.
आणि त्यामागची गोष्टही सांगा.

यंदा पान वाढाल,
तेव्हा घरातल्या सर्वांत लहान मुलाला
जवळ बोलावून घ्या.