लोखंडी पाते आणि तांब्याची मूठ



दसऱ्याला कोयता, कुऱ्हाड, पहार पूजेस मांडली जाते. त्या वेळी सर्वांचे लक्ष पात्याच्या धारेकडे असते. पाते मुठीत जेथे बसते, त्या जागेकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः हत्याराचा जीव त्या जोडात असतो. जोड ढिला झाला की धार कितीही असो, व्यर्थच!

नागपूरजवळील माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने शिलावर्तुळांचे उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील ही दफने होत. त्यांत घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले आणि तांब्याची मूठ बसविलेला लोखंडी खंजीरही मिळाला. तांबे सुमारे १०८५ अंशांवर वितळते, तर लोखंडास १५३८ अंश लागतात. तेवढी उष्णता त्या काळच्या येथील भट्टीत निर्माण होत नसे. म्हणून भट्टीतून निघालेला लोखंडाचा गोळा तापवून व ठोकूनच पाते घडवावे लागे. असे दोन निराळ्या स्वभावांचे धातू एका हत्यारात बसविणारा कारागीर सामान्य नव्हे. त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. त्याचे कसब मात्र त्या मुठीत दिसते.

अशा वस्तूस खरा धोका बाहेर आल्यावर असतो. तांबे व लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की लोखंड अधिक वेगाने गंजते. परंतु त्या गंजातच कित्येकदा लाकडाच्या दांड्याचे तंतू ठसा होऊन राहतात आणि तांब्याच्या हिरव्या कळंकाखाली चामड्याचा वा कापडाचा तुकडा टिकून असतो. चिंच लावून भांडे लखलखीत करण्याची सवय घरोघरी आहे. तीच येथे घातक ठरते. एकदा घासले की म्यान कशाचे होते, मूठ कशी बांधली होती, हे कायमचे पुसले जाते.

चोपडे गाव तर शापोरा नदीच्या काठी वसलेले. येथील खाऱ्या दमट हवेत उघडे ठेवलेले जुने लोखंड पापुद्रे सुटून लवकर नष्ट होते. चिऱ्यांच्या खाणीत, विहिरीच्या खोदकामात किंवा शेताच्या बांधाखाली एखादे कडे, मुठीचा तुकडा वा भाल्याच्या दांड्याची टोपी सापडल्यास ती धुऊ नये, भंगारवाल्यास देऊ नये. भोवतालच्या मातीसह डब्यात ठेवावी, किती खोलीवर मिळाली ते शाळेतील गुरुजींकडून लिहून घ्यावे आणि तलाठ्यामार्फत पुरातत्त्व खात्यास त्वरित कळवावे. जागेची नोंद नसलेली वस्तू संग्रहालयात पोहोचली तरी अर्धी मुकीच राहते.