इथाकेच्या किनाऱ्यावर

(हीरकमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल सायंकाळी स्टेशनवरून रिक्षाने निघालो आणि शाळेसमोरून सरळ पुढे निघून गेलो. फाटक मागे राहिले, असे रिक्षावाल्याने हिंदीत दोनदा सांगितले, तरी मला खरे वाटेना. बैठ्या वर्गांच्या जागी तीन मजले उभे राहिले आहेत. चाळीस वर्षांनी येणाऱ्याने त्याबद्दल तक्रार करणे शोभत नाही. तरीही आजच्या विषयाची सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते, कारण ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या नायकालाही नेमका हाच अनुभव आला होता.

या काव्याची आणि माझी पहिली भेट याच शाळेत झाली. आठवीत असताना मोकळ्या तासाला आमच्या बाई त्याची कथा सांगत. एकडोळ्या पॉलिफिमसच्या गुहेपाशी त्या विशेष रमत. ओडिसिअस त्या राक्षसाला आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगतो आणि रात्री त्याचा डोळा फोडतो. राक्षस ओरडतो की मला ‘कोणी नाही’ मारतो आहे, आणि बाहेर जमलेले शेजारी म्हणतात, कोणी नाही ना, मग कशाला ओरडतोस? मूळ ग्रीकमधली ही कोटी मराठीत जवळजवळ जशीच्या तशी उतरते, याचा बाईंना कोण अभिमान होता! पुढचा भाग त्या जरा हळू आवाजात सांगत. जहाज सुखरूप दूर गेल्यावर ओडिसिअसला राहवत नाही. तो आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव मोठ्याने ओरडून सांगतो. त्या नावानिशी राक्षस आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, शाप मागतो आणि पुढची सारी वाताहत सुरू होते. नाव लपवले तेव्हा जीव वाचला, सांगितले तेव्हा घर दुरावले.

बहुतेकांना हे काव्य अशाच साहसांसाठी ठाऊक असते. मात्र त्याची मांडणी पाहिली तर आश्चर्य वाटते. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलेल्या, होमरच्या नावावर असलेल्या या काव्याचे २४ सर्ग आहेत. पहिल्या चार सर्गांत नायक येतच नाही. पाचव्यात तो प्रथम दिसतो तो कॅलिप्सो या देवतेच्या बेटावर, समुद्राकडे पाहत रडताना. तिथे त्याची सात वर्षे गेली आहेत. तिने त्याला अमरत्व देऊ केले आहे. पेनेलोपी रूपाने तुझ्यापुढे उणी आहे, ती मर्त्य आहे, हे तो मोकळेपणाने मान्य करतो आणि तरीही घरीच जायचे म्हणतो. समुद्रावरची प्रसिद्ध साहसे नवव्या ते बाराव्या सर्गात, केवळ चार सर्गांत आटोपतात, तीही परक्या राजाच्या दरबारात त्याने स्वतः सांगितलेली. आणि तेराव्या सर्गात तो इथाकेला पोहोचतोसुद्धा! जवळजवळ अर्धे काव्य तेव्हा शिल्लक असते.

मग उरलेल्या अर्ध्यात होते तरी काय?

ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षे आणि परतीच्या वाटेवर दहा वर्षे घालवलेला हा माणूस आपल्या किनाऱ्याला लागतो तो झोपेत. फेआशियन खलाशी त्याला उचलून वाळूवर ठेवतात आणि निघून जातात. जाग येते तेव्हा अथीना देवीने सगळीकडे धुके पसरलेले असते. पायवाटा, खडक, झाडे, काहीच त्याला ओळखू येत नाही. आता मी कुठल्या लोकांच्या देशात येऊन पडलो, म्हणून तो शोक करतो. मेंढपाळाच्या रूपातली अथीना त्याला सांगते की ही इथाका आहे. त्यावर तो काय करतो? मनातून हरखतो आणि तोंडाने खोटे सांगतो की मी क्रीटचा. आपल्याच भूमीवर तो परका म्हणून पहिले पाऊल टाकतो.

घरच्या ओढीला युरोपीय भाषांत जो ‘नॉस्टॅल्जिया’ शब्द आहे, तो योहानेस होफर या स्विस वैद्यकविद्यार्थ्याने १६८८ साली बासेल येथे आपल्या प्रबंधात घडवला. ‘नोस्तोस’ म्हणजे परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, या दोन ग्रीक शब्दांपासून. त्याच्या दृष्टीने हा एक आजार होता, आणि घरी पाठवणे हा त्यावरचा उपचार. होमर याच्याही पुढे पाहतो. घरी पोहोचल्यानंतर काय, हा त्याचा प्रश्न आहे. उरलेले अर्धे काव्य म्हणजे एकेका माणसाकडून पटत गेलेली ओळख आहे.

मुलगा टेलेमाकस याच्यापाशी तर कसलीच खूण नाही. बाप गेला तेव्हा तो तान्हा होता. समोरचा माणूस आपला बाप आहे हे तो मानायलाच तयार होत नाही, आणि ओडिसिअस त्याला एवढेच सांगू शकतो की दुसरा कोणी ओडिसिअस आता यायचा नाही. हे आपले गाव, हे आपले लोक, असे आपल्यापैकी अनेकांनी मुलांना सुट्टीत नेऊन सांगितले असेल. पडताळून पाहायला मुलांपाशी काय असते? आपल्या शब्दाखेरीज काही नाही.

आर्गोस कुत्र्याला मात्र शब्दाचीही गरज लागत नाही. ट्रॉयला जाण्याआधी ओडिसिअसने त्याला वाढवले होते. आता तो दाराबाहेर शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरून पडला आहे. भिकाऱ्याच्या वेषातल्या धन्याला तो ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो. उठून जवळ येण्याचे बळ त्याच्यात नाही. ओडिसिअसला त्याच्याजवळ जाता येत नाही, कारण गेला तर वेष उघडा पडेल. सोबतच्या यूमिअसच्या नकळत तो डोळा पुसतो आणि आत जातो. कुत्रा तिथेच प्राण सोडतो. म्हातारी दाई युरिक्लिया पाय धुताना मांडीवरचा रानडुकराच्या सुळ्याचा जुना वण हाताने ओळखते. तिच्या हातून पाय निसटतो, परात कलंडते, पाणी सांडते. पेनेलोपी मात्र सहजासहजी मानत नाही. ती दासीला पलंग बाहेर आणायला सांगते. त्या पलंगाचा एक खूर म्हणजे जमिनीत मुळे असलेल्या ऑलिव्हचा बुंधा आहे, हे ज्याने तो बनवला त्यालाच ठाऊक. तो हलवला कोणी, म्हणून ओडिसिअस संतापतो, आणि त्या संतापात तिला आपला पती सापडतो.

मधल्या रक्तपाताबद्दल मी थोडेच बोलेन. पेनेलोपीला मागणी घालण्यासाठी घरात ठाण मांडून बसलेले १०८ जण मारले जातात. त्याविषयी पूर्वसूरींनी पुष्कळ लिहिले आहे. त्यानंतर फासावर लटकवलेल्या १२ दासींबद्दल त्यांनी फारसे लिहिले नाही, आणि तो भाग मला आजही निमूटपणे वाचता येत नाही.

पती-पत्नीच्या भेटीपाशीच काव्य संपते, असे अलेक्झांड्रियातील अ‍ॅरिस्टोफेनीस आणि अ‍ॅरिस्टार्कस या थोर पंडितांचे मत होते. पुढचे सर्व त्यांना मागाहून जोडलेले वाटले. आमच्या बाईही तिथेच थांबल्या. बहुधा घंटा झाली असावी. भाषेच्या अंगाने पंडितांचे म्हणणे खरे असेलही. पण ते मान्य केले तर लेअर्टिसची भेट हातची जाते, आणि ती सोडायची माझी तयारी नाही.

लेअर्टिस हा ओडिसिअसचा म्हातारा बाप. मुलाच्या दुःखाने तो घर सोडून मळ्यात राहतो. अंगात ठिगळांचा मळका अंगरखा, डोक्याला बकऱ्याच्या कातड्याची टोपी, आणि तो एका रोपाभोवतीची माती उकरतो आहे. ओडिसिअस नासपतीच्या झाडाखाली उभा राहून रडतो, आणि तरीही जवळ जाऊन आधी खोटेच बोलतो. इतक्या वर्षांची सवय. म्हातारा परक्याला विचारतो तेच विचारतो: आपण कोण, कुठले, आईबाप कोण? शेवटी मुलगा आपली ओळख देतो. म्हातारा खूण मागतो. मुलगा वण दाखवतो, आणि मग बागेतली झाडे सांगू लागतो. लहानपणी मी तुमच्या मागे मागे याच बागेतून चालत होतो, प्रत्येक झाडाविषयी विचारत होतो आणि तुम्ही एकेकाचे नाव सांगत होता. तेव्हा तुम्ही मला नासपतीची १३ झाडे दिलीत, सफरचंदाची १०, अंजिराची ४०, आणि द्राक्षवेलींच्या ५० ओळी देण्याचे कबूल केलेत. हे ऐकताच म्हाताऱ्याचे गुडघे ढिले पडतात आणि मुलगा त्याला सावरून धरतो.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी या शहरात आले आणि इथेच राहिले. गाव कोणते, असे कोणी विचारले तर मात्र अखेरपर्यंत कोकणातल्या गावाचेच नाव सांगत. मला या शाळेत घातले तेही त्याच हट्टापायी. शेवटच्या वर्षी त्यांची स्मृती गेली. मी समोर बसलो की अदबीने विचारीत, “आपण कुठले?” मी या शहराचे नाव सांगे. ते म्हणत, “बरेच लांब आहे.”

एकदा लेअर्टिसची आठवण मनात धरून मी त्यांना गावच्या परसातली झाडे सांगू लागलो. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनीच मला ती एकेक करून दाखवली होती. हापूस दोन, रायवळ एक, पोफळी अकरा, रातांबे दोन. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“तीन,” ते म्हणाले. “एक विहिरीमागे आहे. तुम्हाला दिसला नसेल.”