मथळा नको, मजकूर वाचा

हैदराबाद, चेन्नई किंवा पुण्यात बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचं कोडिंग करणाऱ्यांसाठी आजचा विषय: रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीचे चार टेंडन.

फौजेत हुकूम शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. ऑपरेशन नोटही तशीच वाचा. टेंडन दुर्बिणीतून शिवला असेल तर सीपीटी कोड २९८२७. चीर देऊन शिवला असेल तर ताज्या दुखापतीला २३४१०, जुन्या दुखापतीला २३४१२. दुर्बिणीने नुसतं पाहिलं आणि शिवलं लहान चिरेतून, तरी कोड चिरेचाच. एकाच खांद्यात दुर्बिणीतून दोन टेंडन शिवले, तरी २९८२७ एकदाच.

चुकीच्या कोडमुळे दावा नाकारला जातो. भुर्दंड रुग्णावर पडू शकतो. नोट संदिग्ध असेल तर अंदाज नको, सर्जनला लेखी विचारा. जय हिंद!