गाव परदेशातलं, निर्णय कुणाचा?

(कल्याण येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या सल्ला केंद्रात एक निवृत्त शिक्षिका आल्या. मारहाण नाही, दारू नाही. बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आमचं अमेरिकेला कायमचं जायचं ठरलंय." मी विचारलं, "कुणी ठरवलं?" त्या गप्प झाल्या.

मुलाने तिकडे एक जुनं, ऐतिहासिक गाव निवडलं होतं. लाकडी घरं, दगडी चर्च, नदीकाठ. यजमानांनी फोटो पाहिले आणि डोंबिवलीची जागा विकायला काढली. त्या जागेत बाईंचा प्रॉव्हिडंट फंड गेलेला. कागदावर नाव एकट्या यजमानांचं. "गाव छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण भाजी आणायला मी एकटी जाऊ शकेन का?"

हा प्रश्न क्षुल्लक नाही. जिथे बस नाही आणि आपल्याला गाडी चालवता येत नाही, तिथे देखणं गावही चार भिंतींएवढंच उरतं.

आज आपण कल्याणात जमलोय. १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी मूळच्या इथल्याच. गोपाळरावांच्या हट्टामुळे त्या शिकल्या हे खरं, आणि त्या हट्टात मारहाणही होती हेही खरं. पण १८८३ साली श्रीरामपूरला, बंगालमध्ये, भर सभेत उभं राहून "मी अमेरिकेला का जाते" हे सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी स्वतः सांगितलं. फिलाडेल्फिया त्यांनी निवडलं ते देखणं म्हणून नव्हे. स्त्रियांना डॉक्टर करणारं कॉलेज तिथे १८५० पासून होतं. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, ज्यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. परक्या मुलुखात आपलं माणूस असणं म्हणजे काय, ते यावरून कळतं.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा प्रश्न अनेक घरांत आहे. म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. पाहुणी म्हणून अमेरिकेत एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं. आधी एक हिवाळा काढून पाहा. ग्रीन कार्ड मिळालं, तरी तिथे स्वतः किंवा नवऱ्याने नोकरी केलेली नसेल, तर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा पासष्टीनंतर विकतही मिळत नाही. घर मुलाच्या नावे करायचंच असेल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. तरच २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार भक्कम राहतो. आणि आपला पासपोर्ट, आपलं बँकेचं पुस्तक आपल्याच कपाटात ठेवा.

त्या बाईंनी यजमानांना केंद्रात आणलं. दोन बैठका झाल्या, भांडणही झालं. जागा विकली नाही. कागदावर आता दोघांची नावं आहेत. बाई सहा महिन्यांसाठी गेल्या आहेत. परतीचं तिकीट त्यांच्या पर्समध्ये आहे.

कायमचं राहायचं की नाही, ते त्या आल्यावर सांगणार आहेत. यजमान वाट पाहताहेत. पाहू देत!