मेक्सिकोतील दोन जुनी नगरे आणि आमचा मुक्काम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त मेक्सिको देशातील केरेतारो नगरी राहतात. गतवर्षी आम्ही उभयता त्यांजकडे गेलो असता, आसपासची जुनी गावे पाहून यावे असे ठरले. चिरंजीवांचे म्हणणे, मोठ्या हॉटेलात उतरा. माझा हट्ट, गावाच्या पोटात एखाद्या लहान अतिथिगृहात राहावे. त्या हट्टाची ही हकीकत आहे व तीत माझी फजितीही आहे.

प्रथम ग्वानाहुआतो. डोंगरांच्या घळीत, सुमारे २००० मीटर उंचीवर वसलेले हे नगर चांदीच्या खाणींवर मोठे झाले. येथील आलोंदिगा म्हणजे सरकारी धान्यकोठार. १८१० च्या सप्टेंबरात इदाल्गो या धर्मोपदेशकाने स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड उभारले आणि त्याच महिन्यात त्याच्या जमावाने हे कोठार काबीज केले. पुढच्याच वर्षी बंड मोडले. इदाल्गो, आयेंदे, आल्दामा व हिमेनेस या चौघांची शिरे त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली आणि १८२१ मध्ये देश स्वतंत्र होईपर्यंत ती तेथेच होती. त्या भिंतीखाली उभे राहिले असता शाळेत शिकविलेला सारा इतिहास मला फिका वाटला.

परंतु आमचे बिऱ्हाड! मोटार दारापर्यंत येते काय, एवढे मी विचारले नव्हते. तेथील बोळ म्हणजे निव्वळ पायऱ्या. ब्याण्णव मोजल्या. सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे, त्यात विरळ हवा. त्या मध्येच बसल्या व म्हणाल्या, "तुम्ही इतिहास बघून या, मी इथंच आहे." शिवाय त्या माळकरी, आणि त्या देशी घेवड्याची उसळसुद्धा बहुधा डुकराच्या चरबीत परततात. दोन दिवस त्या केळ्यांवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी परतण्याची भाषा काढली, तेव्हा मी खरोखर घाबरलो.

तेथून आयेंदेच्या जन्मगावी, सान मिगेल येथे गेलो. गावाने आज त्याचेच नाव धारण केले आहे. या खेपेस फोनवरून चिरंजीवांकरवी सर्व विचारून घेतले : खोली तळमजल्यावर आहे काय, स्वयंपाकघर वापरू देतात काय, रात्री जादा कांबळे मिळेल काय. घर थेट आपल्या वाड्यासारखे. रस्त्याकडे कोरी भिंत व जाड दरवाजा, आत फरसबंद चौक, सभोवार ओसरी. खोलीस उजेड काय तो चौकाकडील दारातून. देवळाच्या घंटांनी पहाटेच जाग येई, ती तक्रार मात्र राहिलीच.

घरधनीण वयोवृद्ध विधवा. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून ती रात्रभर ठेवी व सकाळी धुऊन वाटी. चुना पाहून आमच्या सौभाग्यवती चकित झाल्या. पान खाण्याखेरीज त्याचा हा उपयोग त्यांना ठाऊक नव्हता. मग पदर खोचून त्यांनी त्याच पिठाची भाकरी थापली. एकीस दुसरीची भाषा येत नव्हती. पण त्या दिवसापासून आमच्यासाठी घेवडा वेगळ्या भांड्यात, तेलावर शिजू लागला. दोन दिवसांचा मुक्काम पाच दिवसांचा झाला, आणि तो सौभाग्यवतींच्या आग्रहावरून.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांत जावे. जून ते सप्टेंबर तिकडे पावसाळा असतो.