मुलांच्या हाती हसरे पुस्तक

(वर्धापनदिनी बालवाचनालयाविषयी केलेले भाषण)



विहाराच्या कपाटात आम्ही मोठ्या हौसेने जाडजाड पुस्तके आणली आणि कुलूप घातले. पहिली-दुसरीची मुले काचेतून बघायची नि निघून जायची. आम्ही म्हणायचो, "पोरांना वाचनाची गोडीच नाही." चूक पोरांची नव्हती, आमची होती.

हीच तक्रार अमेरिकेतही होती. १९५४ साली जॉन हर्सी या लेखकाने 'लाइफ' साप्ताहिकात लिहिले, की शाळेतली वाचनाची पुस्तके नीरस आहेत, गमतीदार चित्रे काढणाऱ्यांना हे काम द्या. मग एका प्रकाशकाने थिओडोर गायझेल म्हणजेच 'डॉ. स्यूस' यांना गळ घातली. पहिलीच्या मुलाला खाली ठेववणार नाही असे पुस्तक हवे, पण शब्द यादीतलेच घ्यायचे! १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' निघाले. अख्ख्या पुस्तकात वेगवेगळे शब्द फक्त २३६. पुढे पैज लागली, म्हणून १९६० साली ५० शब्दांतच 'ग्रीन एग्ज अँड हॅम' केले.

गोष्ट साधीच. बाहेर पाऊस, आई घरी नाही, आणि उंच टोपीवाले मांजर घरात शिरून धिंगाणा घालते. भांड्यातला मासा बिचारा ओरडत राहतो. पण युक्ती बघा. तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो, यमकात येतो, अडला तर चित्र सांगते. आता काय घोळ होणार, हे बघायला मूल पान उलटते आणि वाचून जाते. हसणे म्हणजे टवाळी, असे आम्हीच समजत होतो.

मात्र त्याचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. यमक जाते, जोडाक्षरे घुसतात. मराठी मुलाला आधी 'घर', 'टोपी', 'मासा' असे सोपे शब्द हवेत, आणि चित्रात आपल्यासारखी माणसे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके बघा. लिहितात त्याच, चित्रेही त्यांचीच.

गेल्या रविवारी एक आजी नातवाला न्यायला आल्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. नातू बोट ठेवून वाचत होता. चित्र बघून आजी खुदकन हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "हे अक्षर कोणतं रे? परत दाखव."

कुलूप आम्ही काढले आहे. पुस्तके फाटली तर चिकटवू. येत्या रविवारी सतरंजीवर आजीबाईंनाही जागा ठेवा.