रोजचा अर्धा तास कुणाच्या मालकीचा?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मोबाइलवर बोलायला माणूस उभा राहिला की समोरची पोरं मनातल्या मनात म्हणतात, झालं, आता हाही रागावणार. घरी अम्मी रागावते, कॉलेजात सर रागावतात, शेजारचे चाचा तर स्वतः व्हॉट्सअ‍ॅप बघत बघत रागावतात. मी रागावणार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दहा-बारा वर्षं याच धंद्यात पोट भरते आहे. त्यामुळे ही यंत्रं आतून कशी चालतात ते आधी सांगते आणि मग तुमच्यापुढे एक सौदा ठेवते.

सौदा असा : सोशल मीडियावर जातो त्यातला रोजचा अर्धा तास काढून घ्यायचा आणि तो शरीर हलवण्यात घालवायचा. फोन फेकायचा नाही, अकाउंट बंद करायचं नाही. फक्त अर्धा तास.

आता यंत्राकडे वळू. आमच्या धंद्यात प्रत्येक अ‍ॅपचे दोन आकडे रोज बघितले जातात. आज किती लोक आले आणि प्रत्येक जण किती मिनिटं थांबला. एखादं बटण लाल ठेवायचं की निळं, हे कुणाच्या आवडीवर ठरत नाही. काही लोकांना लाल दाखवतात, काहींना निळं. ज्या रंगाने लोक जास्त वेळ थांबले, तो रंग राहतो. अशा चाचण्या सतत चालू असतात.

तुम्ही बोटाने वर सरकवत राहता आणि पान कधी संपतच नाही, ही रचना एझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये तयार केली. त्याआधी पान संपायचं आणि खाली 'पुढचे पान' असं बटण असायचं. ते दाबण्याआधी क्षणभर थांबावं लागे. त्याच क्षणी माणसाच्या लक्षात यायचं की अरे, बराच वेळ झाला, उठायला हवं. तो क्षणच काढून टाकला गेला. पुढे रास्किन यांनी स्वतः या रचनेबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा मिळाल्यावर जरा विसावतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर ते न थांबता चोच मारत राहतं. आपल्या फीडचंही तसंच आहे. नऊ रील फालतू, दहावी भन्नाट. कधी पहिलीच भन्नाट. नेम नाही, म्हणून बोट थांबत नाही.

हे सगळं अशासाठी सांगितलं की रात्री अकरा वाजता तुम्ही अंथरुणात एकटे असता आणि पलीकडे शेकडो हुशार इंजिनिअरांचं काम उभं असतं. ही कुस्ती जोडीची नाही. तेव्हा 'माझ्यात इच्छाशक्तीच नाही' असं म्हणून स्वतःला कोसत बसू नका. डाव बदला.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांसाठी फोन ही नुसती करमणूक नाही. कुठे कुणाला मारलं, कुणाचं दुकान बंद पाडलं, कोण व्यासपीठावरून काय बोललं, हे सगळं तिथेच कळतं. २०२१ आणि २०२२ मध्ये मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारी अ‍ॅप्स निघाली, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींनी आपले फोटो काढून टाकले. म्हणजे आपण भीतीपोटीही फोन बघतो. मोहल्ल्यात काही होणार तर नाही ना, हे बघायला रात्री एक वाजता फोन उघडतो.

यंत्राला मात्र राग, भीती आणि आवड यांतला फरक कळत नाही. ते सेकंद मोजतं. द्वेषाचा व्हिडिओ तुम्ही हादरून शेवटपर्यंत पाहिलात, की यंत्राचा हिशेब होतो : यांना हे चालतं, आणखी द्या. मग तसाच दुसरा येतो, तिसरा येतो. आणि शरीराचं काय होतं? धोका दिसला की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. तयारी पूर्ण झाली, पण आपण आहोत पांघरुणात. ना पळालो, ना लढलो. रोज रात्री हेच चाललं तर झोप कुठून येणार?

म्हणून मी नुसतं 'फोन कमी करा' म्हणत नाही. त्या जागी शरीराला काम द्या, असं म्हणते. याला आधार आहे. जर्मनीतल्या बोखुम शहरात रूर विद्यापीठ आहे. तिथल्या युलिया ब्राइलोव्स्काया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनाच्या काळात ६४२ लोकांवर प्रयोग केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांचे चार गट केले. पहिल्याने दोन आठवडे रोज ३० मिनिटं सोशल मीडिया कमी केला. दुसऱ्याने रोज ३० मिनिटं व्यायाम वाढवला. तिसऱ्याने दोन्ही केलं. चौथा होता तसाच राहिला. ज्यांनी बदल केला त्यांचं समाधान वाढलं, उदासी कमी झाली, आणि दोन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. बदल फक्त दोन आठवड्यांचा होता, पण सहा महिन्यांनी विचारलं तेव्हाही परिणाम टिकून होता. त्याआधी २०२० मध्ये याच विद्यापीठातून २८६ जणांचा अभ्यास आला होता. त्यात रोज फक्त २० मिनिटं फेसबुक कमी करणाऱ्यांची हालचाल आपोआप वाढली आणि सिगारेटी कमी झाल्या.

इंजिनिअर आहे म्हणून मर्यादाही सांगते. हे लोक जर्मनीतले होते, स्वतःहून पुढे आलेले होते, आणि 'कसं वाटतं' ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. भिवंडीतल्या मुलाला अगदी तेवढाच फायदा होईल, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण अर्ध्या तासाचा खर्च आणि दोन आठवड्यांची मुदत बघता, करून बघण्यासारखा हा सौदा नक्कीच आहे.

आपली गरज तर त्यांच्याहून मोठी आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. अर्धा तास, पाच दिवस. हिशेब बरोबर बसतो.

आता इथे बसलेले काही जण मनात म्हणत असतील, ताई, तुमचं बरं आहे, खुर्चीवर बसून पगार मिळतो. खरं आहे. मालेगावला यंत्रमागावर जो बारा तास उभा राहतो, त्याला मी व्यायामाचा उपदेश करणार नाही. त्याने फोनमधला तो अर्धा तास झोपेला द्यावा. सल्ला माणूस बघून द्यायचा असतो.

आणि मुलींचं काय? तो ५७ आणि ४२ चा फरक आळसातून आलेला नाही. मुलगा 'मैदानावर जातो' म्हणाला की घर विचारत नाही. मुलगी म्हणाली की चार प्रश्न येतात. कुणाबरोबर? कशाला? कोण बघेल? कपडे कोणते? मी स्वतः गच्चीवर चालायला लागले तेव्हा शेजारून विचारणा झाली, 'तब्येत बरी नाही का?' जणू बाई आजारी असेल तरच चालते. मी म्हटलं, बरी आहे आणि बरीच राहावी म्हणून चालते. महिन्याभरात त्याच खाला माझ्याबरोबर फेऱ्या मारू लागल्या.

मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने २०१२ मध्ये मुलींचं फुटबॉल सुरू केलं. वेगवेगळ्या समाजांतल्या मुली एकत्र खेळल्या आणि मैदानात आम्हालाही जागा हवी, अशी मागणी त्यांनी केली. ही मागणी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या वस्त्यांत मैदानं कमी आहेत. जी आहेत तिथे गाड्या उभ्या असतात. नगरसेवकाकडे रस्ता मागतो, नळ मागतो, तसं मैदान मागायला आपण शिकलं पाहिजे, आणि त्यात मुलींची वेळ मागून घेतली पाहिजे.

मैदान आणखी एक काम करतं. फीडमध्ये तुमच्यासमोर 'ते लोक' येतात. मैदानात समोर येतो तो पास देणारा, पाय अडकवणारा, पाणी विचारणारा माणूस. कोल्हापुरात आजही बाबूजमाल तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. एका लाल मातीत घाम गाळणाऱ्यांना एकमेकांविषयी सांगायला व्हिडिओ लागत नाही.

एक प्रश्न हमखास येतो. एवढं सगळं चाललेलं असताना फोन बंद करून पळायला जाणं म्हणजे डोळे मिटून घेणं नाही का? माझं उत्तर असं. बातमी जरूर घ्या. दिवसातून दोनदा, वेळ ठरवून, नीट वाचून घ्या. पण तोच व्हिडिओ सातव्यांदा पाहिल्याने कुणाला न्याय मिळत नाही. तक्रार लिहायला, कागदपत्रं गोळा करायला, कुणाच्या घरी जाऊन बसायला झोप झालेला आणि दम असलेला माणूस लागतो.

आता कामाचं बोलू. पहिलं, फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' असतं. तिथे आधी आकडा बघा. दुसरं, माणसांचे निरोप सोडून बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद करा. तिसरं, 'वेळ मिळेल तेव्हा' असं म्हणू नका, वेळ बांधून घ्या. फजरनंतर, किंवा कामावरून आल्यावर चहाच्या आधी. रमजानमध्ये तरावीहनंतर. चौथं, त्या अर्ध्या तासात फोन घरी राहू द्या. पाचवं, जोडीदार शोधा. कुणीतरी खाली उभं राहून हाक मारत असेल तर पाय आपोआप बाहेर पडतात. जिम लागत नाही. भरभर चालणं, दोरी, जिने, बॅडमिंटन, काहीही चालेल.

शेवटी एक महत्त्वाचं. मन आठवडेच्या आठवडे काळवंडलेलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर ते चालून जाईल असं समजू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. तो नंबर आत्ताच फोनमध्ये ठेवा. स्वतःला लागला नाही तरी मित्राला लागेल.

भाषण संपलं. जेवणाला अजून चाळीस मिनिटं आहेत आणि मागे मैदान मोकळं आहे. फोन इथे टेबलावर ठेवा, मी राखायला माणूस बसवला आहे. चला.